शिवेवरची वाट

मध्य रेल्वेच्या एका स्थानकाला दोन नावे आहेत. इंग्रजीत ते सायन, मराठी पाटीवर शीव. रोज हजारो माणसे तेथे चढतात-उतरतात. शीव म्हणजे गावाची हद्द, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येत असेल. आपल्या मनात मात्र ते आल्यावाचून राहत नाही. कारण ज्या शब्दांनी आपल्या वाडवडिलांचे जगणे आखले गेले त्यांत शीव, वेस आणि गावकूस हे तीन शब्द अग्रभागी आहेत. माझे पणजोबा वेसकर होते. हातात काठी घेऊन ते वेशीवर बसत, गावात कोण आले आणि कोण गेले याची नोंद डोक्यात ठेवत, आणि रात्री भाकरी मागायला त्याच वेशीतून आत जात. आजोबांनी ती काठी पाहिली होती. वडिलांनी तिची गोष्ट ऐकली होती. मी इतिहास शिकवतो, आणि ती गोष्ट मला कोठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

दरवर्षी पावसाळा सरला की मी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका रविवारी शीव स्थानकावर बोलावतो आणि तेथून आम्ही पायी फेरी मारतो. शीवचा किल्ला, धारावीचा काळा किल्ला, मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, माहीमचा किल्ला आणि लेबर कॅम्पावरून पुन्हा शीव. आठ-नऊ किलोमीटरांची वाट. एक टेकडी सोडली तर सारी सपाट. म्हाताऱ्या माणसालाही झेपेल अशी. सह्याद्रीतले गडकोट पालथे घालणाऱ्यांना या फेरीत काही पराक्रम वाटणार नाही. आपल्याकडे किल्ला म्हटला की घाम, कडा, तोफ आणि घोषणा हव्या असतात. त्या साहित्याचा मोठा ढीग मराठीत साचला आहे आणि त्यातील बराचसा पांढरपेशा मध्यमवर्गाने आपल्या सुट्टीच्या दिवसांसाठी लिहिलेला आहे. त्यात बुरुज मोजलेले असतात, टाकी मोजलेली असतात. माणसे मोजलेली नसतात.

गडाच्या पायथ्याशी मेटे असत. घेऱ्यातल्या या चौक्यांवर महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड अशा जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राखण करीत. शत्रू आला तर पहिला घाव त्यांच्यावर. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस यांची घरे. घेऱ्यात यांच्या झोपड्या. इतिहासाच्या पुस्तकांत ही माहिती एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात लेखक बालेकिल्ल्यावर पोचलेला असतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, आज आपण त्या एका वाक्यात चालणार आहोत. बालेकिल्ल्यावर जाण्याची घाई करायची नाही.

शीवच्या टेकडीवरचा किल्ला स्थानकापासून जवळच आहे. पायथ्याशी बाग आहे, वर जायला पायऱ्या आहेत. ईस्ट इंडिया कंपनीने तो बांधला, जेरार्ड ऑन्जिअर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला दिले आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केले. कंपनीचा मुलूख परळच्या बेटापाशी संपे. पलीकडे साष्टी, ती पोर्तुगिजांची. या दोहोंच्या मधल्या खाडीवर नजर ठेवायला हा किल्ला. म्हणजे नावाप्रमाणेच ही शीव होती. दोन परक्या सत्तांनी आपसात ओढलेली रेघ, आणि त्या रेघेवर राहणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी काही विचारलेले नव्हते. ऑन्जिअरने पुढे याच भंडाऱ्यांची शिबंदी उभारली. मालक बदलला, राखणदार तोच राहिला.

वर आज फारसे काही नाही. पडक्या भिंती, दगडी खोल्यांचे अवशेष, एखादी तोफ आणि सावलीला बसलेली तरुण जोडपी. गडप्रेमी मंडळी या जोडप्यांवर फार रागावतात. मला त्यात राग यावा असे काही दिसत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात त्या शहरात दोघांनी बोलायचे कोठे?

या किल्ल्याने कोणाला अडवले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. खरे सांगायचे तर फारसे कोणाला नाही. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव घेतले आणि मुख्य कोट सोडून बहुतेक सारे बेट वर्षभर ताब्यात ठेवले. शेवटी इंग्रजांना औरंगजेबाकडे दूत पाठवून, दंड भरून सुटका करून घ्यावी लागली. शिवेवरच्या तटबंदीची ही गत. पण तटबंदीचे काम केवळ शत्रूला अडवणे एवढेच नसते. आतले कोण आणि बाहेरचे कोण हे रोज, शांततेच्या काळातही, डोळ्यांना दाखवत राहणे हेही तिचे काम असते. या दृष्टीने पाहिले तर आपल्या खेड्यातली चार हात उंचीची पडकी गावकूस रायगडाच्या तटापेक्षा जास्त यशस्वी ठरली. रायगड दोनदा पडला. गावकूस ढासळली, दगड लोकांनी घरांना वापरले, तरी आत-बाहेर कायम राहिले.

येथे टेकडीवर बसून मी बाबासाहेबांच्या एका ग्रंथाविषयी बोलतो. १९४८ साली त्यांनी ‘द अनटचेबल्स’ प्रसिद्ध केला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा त्यांचा प्रश्न. रूढ उत्तर असे होते की विटाळ मानला म्हणून त्यांना बाहेर घातले. बाबासाहेबांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे ही माणसे आधीपासूनच बाहेर होती. शेती करून स्थिर झालेल्या टोळ्यांना भटक्या टोळ्यांच्या हल्ल्यांपासून राखण हवी होती. युद्धात पराभूत होऊन विखुरलेल्या माणसांना आसरा हवा होता. या देवघेवीतून ती शिवेवर वसली. अस्पृश्यता फार नंतर, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटी, त्यांच्यावर लादली गेली. या सिद्धांतावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे आणि पुढेही घालोत. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट दिसते ती ही की बाबासाहेबांनी गावाचा इतिहास तटबंदीच्या बाजूने लिहिला. मंदिराच्या बाजूने नव्हे, पाटलाच्या वाड्याच्या बाजूने नव्हे. राखणदार जेथे उभा होता तेथे उभे राहून त्यांनी गावाकडे पाहिले.

आणि राखणदाराला शिवेचे ज्ञान होते. दोन गावांत हद्दीचा तंटा पडला की महाराची साक्ष काढली जाई. डोक्यावर माती घेऊन तो शीव चालून दाखवी आणि त्याने चाललेली वाट ही हद्द ठरे. पाटील-कुलकर्ण्यांचे कागद असत, पण जमीन पायांनी वाचणारा तो होता. ज्याच्या सावलीचा विटाळ त्याच्या शब्दावर गावाची जमीन ठरायची! या विसंगतीचा गावाला कधी संकोच वाटला नाही. आणि या ज्ञानाचा मोबदला काय, तर वतन नावाची वेठबिगारी. ती सुटावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ते तेव्हा पार पडू शकले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. माझ्या आजोबांच्या तरुणपणापर्यंत ही गोष्ट चालू होती, हे सांगितल्यावर वीस वर्षांची मुले माझ्याकडे अशी पाहतात की जणू मी शिलाहारांच्या काळातले बोलतो आहे. त्यांच्यातल्या काहींच्या घरीही हेच आहे. घरच्यांनी सांगितलेले नाही, एवढेच. आपल्या लोकांनी विसरणे हेही एक औषध म्हणून वापरले आहे. त्यांना दोष देता येत नाही, पण इतिहासाच्या शिक्षकाला ते औषध घेता येत नाही.

टेकडी उतरून आम्ही रेल्वेच्या पश्चिमेला येतो. येथून धारावी सुरू होते आणि रस्त्याचे नाव बदलते. संत रोहिदास मार्ग. मुंबईत राजांची, गव्हर्नरांची, शेटजींची आणि पुढाऱ्यांची नावे असलेले रस्ते पुष्कळ आहेत. एका चर्मकार संताचे नाव कोठे द्यावे हे ठरवताना नगरपित्यांना फार विचार करावा लागला नसावा. चामड्याचा धंदा जेथे, रोहिदास तेथे. नाव दिले हे चांगले झाले. पण नाव देतानाही वस्ती पाहूनच दिले गेले, हे आपण ध्यानात ठेवावे.

हा धंदा येथे कसा आला? धारावी मुळात कोळीवाडा. खाडीचा, चिखलाचा, भरती-ओहोटीचा प्रदेश. शहर दक्षिणेकडे वाढत होते, आणि वाढणाऱ्या शहराला ज्यांचा वास नकोसा होई ते धंदे उत्तरेकडे, शिवेकडे ढकलले जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत येथे कातडी कमावण्याचे कारखाने उभे राहिले. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडून आलेले आदि-द्रविड आणि मुसलमान, महाराष्ट्रातले ढोर आणि चर्मकार या कामाला लागले. ढोरवाडा हे नाव धारावीत अजून ऐकू येते. काठेवाडातून आलेल्या कुंभारांना शहराच्या आतल्या बाजूने हलवत हलवत येथे आणून सोडले गेले. कत्तलखाना खाडीपलीकडे वांद्र्याला होता, तेथून कातडे येई. १९७१ साली तो देवनारला गेला, कातडी कमावण्याचे कारखानेही हळूहळू हलले, आणि धारावीत उरले ते मुख्यतः तयार चामड्याचे शिवणकाम. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा अमलात आला तेव्हा या धंद्याला पुन्हा फटका बसला. एक गोष्ट येथे दिसते. गावात जो न्याय महारवाड्याला, तोच नगरात धारावीला लावला गेला. गावाची शीव भूमितीने ठरे, नगराची वाऱ्याच्या दिशेने.

या रस्त्यावरच काळा किल्ला आहे. बसच्या आगाराला त्याचे नाव आहे, त्यामुळे नाव सर्वांना ठाऊक. किल्ला मात्र शेजारी राहणाऱ्यांनाही नीट दाखवता येत नाही. घरांच्या, भंगाराच्या आणि झाडोऱ्याच्या आड एक काळपट दगडी भिंत उभी आहे. आत जायला धड दरवाजा नाही. रीवा किल्ला असेही त्याला म्हणतात. भिंतीत बसवलेल्या शिळेवर मजकूर आहे: गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेवरून बांधला, १७३७. ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला त्यांचे नाव शिळेवर नाही, आणि ते असावे अशी अपेक्षा करणारा मनुष्य तेव्हा जन्मला नव्हता.

१७३७ हे साल विद्यार्थ्यांना मी मुद्दाम थांबवून विचारतो. त्याच साली मराठ्यांनी ठाणे घेतले. चिमाजी आप्पाच्या फौजा साष्टीत उतरल्या आणि दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, वसई पडली. मिठीच्या पलीकडच्या काठावर आता पोर्तुगिजांच्या जागी पेशव्यांची सत्ता येत होती आणि त्या धास्तीच्या दिवसांत इंग्रजांनी अलीकडच्या काठावर हा कोट बांधला. पाठ्यपुस्तकात वसईचा विजय असतो आणि तो असावाच; मोठा पराक्रम तो. पण आपल्या विद्यार्थ्याने एक जास्तीचा प्रश्न विचारायला हवा. मिठीच्या पलीकडे जरीपटका आला तेव्हा गावकुसाबाहेरच्या माणसाला काय मिळाले? पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याने थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे, पावलांचे ठसे पुसावेत म्हणून कमरेला झाडू बांधावा, हे बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, १९३६ साली, स्पष्ट नोंदवून ठेवले आहे. आणि अलीकडच्या काठावरचा इंग्रज? तो कोणाच्या उद्धाराला आला नव्हता. त्याला सैनिक हवे होते म्हणून त्याने महारांना फौजेत घेतले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नको झाले तेव्हा भरती बंद केली. मधल्या काळात फौजेच्या शाळांत काही मुले शिकली, सुभेदार रामजी सकपाळांसारखी माणसे घडली, एवढी फट त्या तटात पडली. फट पाडणाऱ्याचा तसा हेतू नव्हता. आपल्या काही मित्रांना या फटीबद्दल इंग्रजांचे आभार मानावेसे वाटतात, काहींना त्यावरून आपल्याच लोकांना देशद्रोही म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावे लागते. मला दोन्हीत वेळ घालवावासा वाटत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर किल्ले होते आणि दोन्ही किल्ल्यांच्या बाहेर आपली माणसे होती.

काळ्या किल्ल्यापासून मोठा रस्ता ओलांडला की महाराष्ट्र निसर्ग उद्यान. फाटकातून आत गेल्यावर शंभर पावलांत वाहनांचा आवाज मंद होतो. करंज, पिंपळ, उंबर, बांबू. पलीकडे मिठीच्या काठाने तिवरांचा पट्टा. साधारण ३७ एकरांचे हे रान आहे आणि शंभराहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. हे रान नैसर्गिक नाही. १९७० च्या दशकात येथे मुंबईचा कचरा टाकला जात होता. कचरा टाकणे थांबल्यावर निसर्गसंवर्धकांनी पुढाकार घेतला, पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा त्यात वाटा होता, आणि १९८० च्या दशकात कचऱ्यावर माती घालून झाडे लावली गेली. १९९१ साली शासनाने त्याला संरक्षित वन घोषित केले, १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. आपण ज्या मातीवर चालतो तिच्याखाली शहराचे खरकटे, चिंध्या, राख आणि काच आहे. झाडांनी त्यात मुळे घातली आहेत.

कचऱ्यातून वन उगवले ही गोष्ट सुंदर आहे आणि ती नेहमी सांगितली जाते. पण हा कचरा चालत आला नव्हता. तो कोणीतरी झाडला, कोणीतरी भरला, कोणीतरी वाहून येथे ओतला आणि कोणीतरी पोटासाठी त्यातले लोखंड, काच, कागद निवडले. ती माणसे कोण, हे मुंबईत विचारावे लागत नाही. महानगरपालिकेच्या सफाई खात्यात कोणत्या जातीची माणसे भरली गेली आहेत हे एखाद्या सकाळी झाडू मारणाऱ्यांच्या हजेरीच्या चौकीवर जाऊन उभे राहिले तरी कळते. कोकण, देश आणि मराठवाड्यातले महार-मांग आणि काठेवाडातले मेघवाळ. या गटारांत आणि कचऱ्यात किती आयुष्ये गेली त्याचा हिशेब कोणत्या वनखात्याने ठेवावा? मला वाटते, ज्या दिवशी या उद्यानाची हकिकत सांगताना पहिला परिच्छेद सफाई कामगारापासून सुरू होईल त्या दिवशी ती हकिकत इतिहास होईल. तोवर ती बागकाम आहे.

माझ्या चळवळीतल्या काही मित्रांना हे उद्यान म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात. गरिबाला घर नाही आणि पाखरांना ३७ एकर, असे ते म्हणतात. हे मला मान्य नाही. वांद्र्याच्या माणसाला झाडे पाहायला महाबळेश्वर आहे. धारावीच्या पोराला हे एवढेच आहे. शिवाय २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा नदीकाठची मोकळी जमीन आणि तिवरे म्हणजे काय हे झोपडीतल्या माणसाला कळले तेवढे कोणाला कळले नाही. नदीचे पात्र कोणी आवळले? समोरच्या काठावर भराव घालून उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींकडे बोट दाखवले की मुले हसतात. त्या इमारतींना कोणी अतिक्रमण म्हणत नाही. धारावीच्या पुनर्विकासाची अधिसूचना निघाली तेव्हा हे उद्यानही त्यात ओढले जाईल अशी भीती निर्माण झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ साली उद्यान प्रकल्पात नाही असे सरकारने न्यायालयात सांगितले. वन वाचले याचा मला आनंद आहे. माणसांसाठी मात्र एवढे सरळ उत्तर कोणी दिलेले नाही.

कारण माणसांसाठी तक्ता आहे. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर, मोफत. २००० नंतर २०११ पर्यंत आलेल्याला अडीच लाख रुपये भरून, ३०० चौरस फुटांचे, धारावीबाहेर. त्यानंतर आलेल्याला आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला भाडेखरेदीने, तेही बाहेरच. या तक्त्याकडे पाहताना बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेसाठी वापरलेला शब्द आठवतो: श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, म्हणून कोणी एकत्र उठत नाही. तळमजल्याचा पोटमाळ्याला दूर ठेवतो, आधी आलेला नंतर आलेल्याला. आणि ‘बाहेर’ म्हणजे कोठे? २०२४ साली राज्य सरकारने देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जमीन या प्रकल्पासाठी देण्याचा निर्णय घेतला. एका कचराभूमीवर वन उगवले. दुसऱ्या कचराभूमीवर माणसे न्यायची आहेत. १९७१ साली कत्तलखाना जेथे गेला, त्याच दिशेला.

गेल्या खेपेस उद्यानात एका झाडाखाली आम्ही डबे उघडले तेव्हा एक विद्यार्थिनी गप्प बसली होती. तिचे घर तेथून दहा मिनिटांवर. तिचे कुटुंब पोटमाळ्यावर राहते, खाली दुसऱ्याचा चामड्याच्या पाकिटांचा कारखाना आहे. तिच्या दारावर सर्वेक्षणाचा आकडा लिहून गेले आहेत. ती म्हणाली, “सर, माझा जन्म इथलाच. पण माळा खालच्या घराच्या नंतर बांधला म्हणून आम्ही अपात्र. जिन्याच्या नऊ पायऱ्या आहेत. म्हणजे आमची शीव नऊ पायऱ्यांची.” मी इतकी वर्षे शिकवतो आहे, शिवेची याहून नेमकी व्याख्या मला करता आलेली नाही. तिला पुढे काय सांगावे हे मला सुचले नाही. मी तिला तिच्या आजीने गाव केव्हा सोडले ते लिहून काढायला सांगितले. शिक्षकाच्या हातात अशा वेळी एवढेच असते, आणि ते फार थोडे आहे हेही मला ठाऊक आहे.

उद्यानातून पश्चिमेकडे चालत गेले की रेल्वेचे रूळ, आणि पलीकडे माहीम. माहीम आणि वांद्रे यांच्यामधला खाडीवरचा बांध १८४५ साली खुला झाला, जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून. त्याच्या तोंडाशी समुद्रात पाय रोवून माहीमचा किल्ला उभा आहे. कित्येक वर्षे तो किल्ला कमी आणि वस्ती जास्त होता. तटाला टेकून, तटावर चढून, बुरुजाच्या आत झोपड्या उभ्या होत्या. २०२३ साली अडीचशेहून अधिक कुटुंबांना तेथून हलवून दुसरीकडे घरे देण्यात आली आणि किल्ला मोकळा करण्यात आला. डागडुजी व्हावी, याविषयी दुमत नाही. भरतीच्या लाटांनी तट खचत होता आणि आतल्या घरांनाही धोका होता. पण ‘अतिक्रमण हटवून वारसा वाचवला’ असे छापून आले तेव्हा मला एक शंका आली. ज्या कुटुंबांनी तीन-चार दशके त्या तटाच्या आत चुली मांडल्या, मुले वाढवली, त्यांचे तेथले राहणे हाही त्या किल्ल्याचाच इतिहास नव्हे काय? पोर्तुगीज, इंग्रज आणि सिद्दी यांनी त्या भिंतींच्या आत दिवस काढले, तसेच तेथे काही गरीब माणसांनीही काढले. ते आक्रमक होते म्हणून वारसदार. हे झोपडीत होते म्हणून अतिक्रमक. सभ्य इतिहासाचा नियम असा आहे.

माहीमहून परत फिरताना वाट लेबर कॅम्पावरून जाते. येथे तटबंदी नाही, फलक शोधावा लागतो, पण आमच्या फेरीतला हाच खरा गड. वारणेच्या खोऱ्यातून पायी मुंबईला आलेले अण्णाभाऊ साठे येथे राहिले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. नाशिककडून दहा वर्षांचे बाबूराव बागूल मावशीकडे आले ते येथेच. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. आपल्या साहित्याने गावकूस ओलांडली ती ज्या थोड्या पुस्तकांनी, त्यांतले ते एक. शाहिरी आणि कथा यांचा हा दारूगोळा एका झोपडपट्टीत तयार झाला, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवे. पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांच्या बंगल्यांवर नीलफलक लागतात. येथे अजूनही चहाच्या टपरीवर विचारावे लागते की अण्णाभाऊ कोठे राहायचे, आणि एखादा म्हातारा माणूस उठून बरोबर चालू लागतो.

असाच एक म्हातारा गेल्या खेपेस आमच्याबरोबर कुंभारवाड्यापर्यंत आला. भट्ट्यांचा धूर होता, पणत्या वाळत घातल्या होत्या. त्याने मुलांना विचारले, काय पाहून आलात? मुलांनी तीन किल्ल्यांची नावे सांगितली. तो म्हणाला, शीवच्या टेकडीवर तो लहानपणी सरपणासाठी काटक्या गोळा करायला जाई, आणि पहारेकरी हाकलून देई. “किल्ला कुणाचा ते तवा नव्हतं म्हाइत. हाकलणारा आपल्यातलाच होता.” मग तो परत फिरला. मुलांनी हे वहीत लिहून घेतले. पोटमाळ्यावरची विद्यार्थिनी त्याच गल्लीतून घरी गेली. बाकीचे आम्ही दिवे लागायच्या वेळेला शीव स्थानकावर पोचलो.